अस्थींत मुरलेले शिसे

ज्या खेड्यांत कारखान्याचे धुराडे नाही, ज्यांच्या वाटांवर मोटारींची वर्दळ नाही आणि ज्यांतील घरांच्या भिंतींना तैलरंगाचा हात क्वचितच लागतो, अशा मध्य बांगलादेशातील खेड्यांत काही वर्षांपूर्वी गर्भवती स्त्रियांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंता वाटावी इतके आढळले. शहरातील मुलांच्या रक्तात शिसे सापडले तर त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. परंतु भाताची शेती, तळ्यातील मासळी आणि परसातील भाजी यांवर ज्यांचा संसार चालतो त्या बायकांच्या देहात हा जड धातू कोणत्या वाटेने शिरला, हा प्रश्न सोपा नव्हता. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्सिथ आणि ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसाररोग संशोधन केंद्रातील त्यांचे सहकारी यांनी तो हाती घेतला. संशय प्रथम अनेकांवर गेला: शेतात फवारण्याची औषधे, डबाबंद अन्नाच्या डब्यांना दिलेला डाख, भात, आणि गरोदरपणी आवडीने खाल्ली जाणारी भाजकी माती. निर्णय लागला तो समस्थानिकांच्या मोजणीने. निसर्गात शिशाचे चार स्थिर समस्थानिक आढळतात आणि त्यांचे परस्परांशी प्रमाण निरनिराळ्या खाणींतील धातुकांत निरनिराळे असते, त्यामुळे रक्तातील शिसे कोणत्या पदार्थाच्या द्वारे आले याची बरीचशी खातरजमा करता येते. त्या स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा मेळ बसला तो त्यांच्या स्वयंपाकघरातील हळदीशी.

हळदीत हे शिसे जमिनीतून चढलेले नव्हते. शिजवून वाळवलेली हळकुंडे पिंपात फिरवून त्यांना पॉलिश करतात, त्या वेळी काही गिरण्यांत एक झळझळीत पिवळी पूड त्यांवर टाकली जात होती. बंगाली व्यापारी तिला ‘पिउरी’ म्हणतात. रसायनशास्त्रात ती लेड क्रोमेट आहे, आणि तिचा खरा उपयोग रंगाच्या कारखान्यात. १९८० नंतरच्या दशकातील एका मोठ्या पुरात हळद भिजून काळवंडली, तिला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून हा उपाय निघाला आणि पूर ओसरल्यावरही तो टिकला, असे तेथील लोकांनी संशोधकांना सांगितले. पूड वापरणाऱ्यांपैकी कित्येकांना ती विषारी आहे याची कल्पनाच नव्हती. त्यांना इतकेच ठाऊक होते की पिवळीधमक हळद लवकर खपते. सांगलीच्या बाजारात एका वयोवृद्ध अडत्याला ही हकिगत सांगितली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “साहेब, गिऱ्हाईक हळद डोळ्यांनी घेतं. हळकुंड मोडून आतला रंग बघणारा आता शंभरात एखादा.” आणि लेड क्रोमेटचा लेप तर हळकुंडाच्या बाहेरच बसतो.

यापुढे बांगलादेशात जे घडले ते आपल्या उपखंडातील सरकारी कारभाराविषयी नेहमी ऐकू येणाऱ्या निराशेच्या कथांहून वेगळे आहे, आणि म्हणूनच ते सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते. सप्टेंबर २०१९ मध्ये संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध होताच तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाजारपेठांतून हजारो सूचनापत्रके लावली, वृत्तपत्रांनी विषय उचलून धरला, आणि ढाक्याच्या श्यामबाजार या घाऊक पेठेत फिरत्या न्यायालयाने धाड घालून क्ष-किरणांवर चालणाऱ्या हातातील यंत्राने हळद जागीच तपासली. भेसळ सापडलेला माल जप्त झाला आणि दोन घाऊक व्यापाऱ्यांना दंड झाला. ज्या बाजारांतील नमुन्यांपैकी २०१९ मध्ये ४७ टक्क्यांत शिसे आढळले होते, त्याच बाजारांत २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ते आढळले नाही. हळदीच्या गिरण्यांत काम करणाऱ्या मजुरांच्या रक्तातील शिसे सुमारे ३० टक्क्यांनी उतरले. ते कोणत्याही काढ्याने वा गोळीने उतरले नव्हते. ती पिवळी पूड पिंपात पडायची थांबली होती, एवढेच. शरीरात साचणाऱ्या विषारी धातूंविषयी जे सांगण्याची माझी इच्छा आहे त्याचा गाभा या एका हकिगतीत आला आहे. परंतु तो पटण्यासाठी हा धातू देहात शिरल्यावर काय करतो ते समजून घेतले पाहिजे.

शिशाला मानवी शरीरात कोणतेही काम नाही. लोह, जस्त, तांबे यांच्यावाचून आपले चालत नाही, त्यांची अल्प मात्रा जीवनाला आवश्यक आहे. शिशाची आवश्यक मात्रा शून्य आहे. तरीही देह त्याला आत घेतो, कारण त्याच्या अणूची ठेवण आणि विद्युत्भार असा आहे की शरीराची यंत्रणा त्याला कॅल्शियम समजून फसते. आतड्यांत कॅल्शियम आणि लोह यांच्यासाठी जी द्वारे आहेत त्यांतूनच शिसे आत येते, आणि म्हणून ज्याच्या आहारात या दोहोंची उणीव आहे त्याचा देह शिसे अधिक आतुरतेने शोषून घेतो. प्रौढ मनुष्याने गिळलेल्या शिशाचा सुमारे दहावा हिस्सा त्याच्या रक्तात जातो. लहान मुलाच्या बाबतीत तो हिस्सा जवळजवळ निम्मा असू शकतो. आपल्या देशात रक्तक्षय बालकांत आणि स्त्रियांत किती पसरलेला आहे हे वाचकांना ठाऊक आहे. अर्धपोटी, लोहाची वाण असलेले, जमिनीवर रांगून धुळीचा हात तोंडात घालणारे मूल हे या धातूचे सर्वांत सोपे भक्ष्य आहे, आणि या विषयाचा विचार करताना ते मूल मी क्षणभरही नजरेआड होऊ देऊ शकत नाही.

रक्तात आलेले शिसे प्रथम तांबड्या पेशींत बसते आणि हिमोग्लोबिन घडवणाऱ्या साखळीतील दोन महत्त्वाची विकरे निकामी करते. म्हणजे ज्या रक्तक्षयामुळे ते अधिक शोषले गेले तोच रक्तक्षय ते आणखी वाढवते. मज्जापेशींमध्ये निरोपाची देवघेव कॅल्शियमच्या ये-जा करण्यावर चालते. शिसे त्याची जागा घेऊन बसले की निरोप चुकतात, आणि वाढत्या मेंदूत ज्या जोडण्या दृढ व्हायच्या त्या होत नाहीत. प्रौढांत ते रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंड झिजवते. जुन्या वैद्यकीय ग्रंथांत शिसेबाधेची जी लक्षणे दिलेली असतात, म्हणजे पोटातील असह्य कळा, मनगट लुळे पडणे, आणि हिरड्यांच्या कडेने उमटणारी ती निळसर रेघ जिची नोंद लंडनच्या हेन्री बर्टन या वैद्याने १८४० मध्ये केली, ती सारी फार मोठ्या मात्रेची लक्षणे आहेत. आज आपल्याला ज्याची भीती बाळगायला हवी ते शिसे असे स्वतःची ओळख देत नाही. मूल हसते, खेळते, शाळेत जाते. फक्त त्याला धडा लवकर उमगत नाही, चित्त स्थिर राहत नाही, राग आवरत नाही. घरचे त्याला मठ्ठ म्हणतात, गुरुजी उनाड म्हणतात, आणि रक्त तपासण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

रक्तातील शिशाची मुदत फार नाही. सुमारे महिन्याभरात ते निम्मे होते. परंतु त्यातले जे मूत्रावाटे जात नाही ते अस्थींत जाऊन बसते. सांगलीजवळच्या हरिपूर गावात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली असत. त्यांचे तोंड बुजवले की आतली हळद वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहत असे. प्रौढाच्या देहातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे अस्थींच्या अशाच पेवांत असते आणि तेथून ते निम्मे व्हायला दोन-तीन दशके जातात. पेव उघडण्याचे प्रसंगही ठरलेले आहेत: हाड मोडणे, दीर्घ आजार, वार्धक्यातील अस्थिक्षय, आणि सर्वांत हृदयद्रावक असा प्रसंग म्हणजे गर्भारपण. गर्भाच्या अस्थी घडवण्यासाठी आईचे शरीर आपल्या हाडांतील कॅल्शियम उसने काढते, तेव्हा तिने बालपणी गिळलेले शिसेही त्याच्याबरोबर निघते आणि नाळेवाटे बाळाकडे जाते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका रंगाच्या पोपड्याचे किंवा एका पिवळ्या चिमटीचे देणे असे पुढच्या पिढीकडून वसूल होते.

या धातूचे दुर्गुण माणसाला नव्याने कळले असेही नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाची मदिरा पिणाऱ्यांना होणारी पोटदुखी ही चरकांना लावलेल्या शिशामुळे होते, हे सर जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये दाखवले आणि त्याबद्दल स्वतःच्याच परगण्यातील लोकांचा रोष पत्करला. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये सांगितले की मुलांच्या बाधेचे मूळ व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंगाच्या भुकटीत आहे. घरांच्या अंतर्भागात पांढऱ्या शिशाचा रंग वापरू नये असा आंतरराष्ट्रीय करार १९२१ मध्ये झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मात्र अमेरिकेत एक असा शोध लागला की ज्याने शिसे भिंतींवरून उचलून साऱ्या जगाच्या श्वासात मिसळले.

जनरल मोटर्सचे अभियंते थॉमस मिजली यांना आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळले असता मोटारीच्या इंजिनातील ठोका नाहीसा होतो. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि तीसहून अधिक रुग्णालयात गेले. तरी मिजली यांनी पत्रकारांसमोर तेच द्रव्य हातांवर ओतून घेऊन ते निर्धोक असल्याचे सांगितले, आणि स्वतः ते पूर्वीच त्याने आजारी पडलेले होते. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेत औद्योगिक रोगांच्या थोर अभ्यासक अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी, हे विष रस्तोरस्ती पसरल्यावर आवरता येणार नाही, असा निक्षून विरोध केला. तो मानला गेला नाही. पुढील चार दशके या विषयातील अधिकारवाणी होती ती हे द्रव्य विकणाऱ्या एथिल कंपनीचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट केहो यांची. शिसे निसर्गतःच सर्वांच्या देहात असते, जितके आत जाते तितके बाहेर पडते, आणि एका ठराविक मर्यादेखाली ते अपाय करत नाही, असे त्यांचे प्रतिपादन. त्याचा दोष असा की ज्यांच्याशी तुलना करावी ती निर्दोष माणसे जगात कोठे उरलीच नव्हती.

हे ज्यांनी उघडकीस आणले ते वैद्य नव्हते, ही गोष्ट मला फार विचार करायला लावते. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ. उल्कापाषाणातील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे आहे असे १९५६ मध्ये त्यांनी सिद्ध केले. त्या मोजणीत त्यांना सतत एक विघ्न येई: प्रयोगशाळेच्या हवेत, पाण्यात, भांड्यांत, स्वतःच्या केसांत सर्वत्र शिसे. त्यांनी शिशापासून मुक्त अशी अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा बांधली आणि मग तेच विघ्न अभ्यासाला घेतले. समुद्राच्या पृष्ठभागावर खोल पाण्यापेक्षा अधिक शिसे आहे, ग्रीनलंडच्या हिमात ते १९४० नंतर झपाट्याने वाढले आहे, आणि प्राचीन पेरूतील सांगाड्यांच्या मानाने आजच्या माणसाच्या अस्थींत शेकडो पट शिसे आहे, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकामागून एक दाखवले. केहो ज्याला नैसर्गिक म्हणत होते ते केवळ सार्वत्रिक होते. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या दोन गावांतील दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यांतील शिसे मोजले, आणि ज्यांना कोणतेही बाह्य लक्षण नव्हते अशा मुलांतही अधिक शिशाबरोबर बुद्ध्यंक आणि अवधान उणे पडत जाते असे सिद्ध केले. त्यांच्यावर पुढे लबाडीचे आरोप झाले, चौकशी झाली, आणि त्यांतून ते निर्दोष सुटले. अमेरिकेच्या आरोग्यखात्याने मुलांच्या रक्तातील दखल घेण्याजोगी पातळी एके काळी दर डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅम ठेवली होती. ती ४०, ३०, २५, १०, ५ अशी उतरत २०२१ मध्ये ३.५ वर आली. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आज स्पष्ट आहे: निर्धोक अशी पातळी ज्ञात नाही.

पेट्रोलमधील शिसे जाताच काय झाले ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात लोकांच्या रक्तातील शिशाची सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम होती; दहा-अकरा वर्षांत ती २.८ झाली. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. मुंबईच्या मुलांविषयी दोन पाहण्यांचे आकडे शेजारी ठेवता येतात. जॉर्ज फाउंडेशनच्या १९९७ मधील पाहणीत तपासलेल्या मुंबईतील मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे होते. पेट्रोल बदलल्यानंतरच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७५४ मुलांपैकी ते प्रमाण ३३.२ टक्के निघाले. परळच्या, कुर्ल्याच्या, धारावीच्या हजारो मुलांचे रक्त एका सरकारी हुकमाने निवळले, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या आईबापांना त्याची वार्ताही नव्हती. सार्वजनिक आरोग्याचे मोठे विजय असे निनावी असतात. पण त्या दुसऱ्या आकड्याकडेही तितक्याच निरखून पाहिले पाहिजे: पेट्रोल शुद्ध झाल्यावरही दर तीन मुलांतील एक मूल बाधितच राहिले. म्हणजे शिसे आणखी कोठून तरी येत होते आणि येत आहे. जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असावे आणि त्यांतील २७ कोटींहून अधिक भारतात असावीत, असा युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा अंदाज आहे.

आता उपचाराकडे वळू. देहातील धातू पकडून बाहेर काढणारी औषधे आहेत, आणि त्यांचा जन्म युद्धात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी लुइसाइट या सोमलयुक्त वायूवर उतारा शोधताना ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स यांच्या प्रयोगशाळेत एक रेणू घडवण्यात आला, ज्याच्या गंधकाच्या दोन भुजा सोमलाला विकरांपासून ओढून स्वतःकडे घेतात. हेच डायमरकॅप्रॉल, ते शेंगदाण्याच्या तेलात मिसळून स्नायूत टोचतात. पुढे शिशासाठी कॅल्शियमयुक्त ईडीटीए आले, आणि १९९१ मध्ये मुलांना तोंडाने देता येण्याजोगे सक्सिमर अमेरिकेत मान्य झाले. या उपचारपद्धतीला किलेशन म्हणतात आणि तिचे उपकार थोडे नाहीत. विल्सनच्या आनुवंशिक रोगात यकृतात आणि मेंदूत तांबे साचते. तेथे पेनिसिलामाइनने, आणि थॅलसेमियाच्या मुलांत वारंवार रक्त दिल्याने साचणाऱ्या लोहावर तशाच जातीच्या औषधांनी, असंख्य आयुष्ये वाचली आहेत. शिशामुळे मूल बेशुद्ध पडले, झटके येऊ लागले, तर ही औषधे प्राणदान करतात. मुलाच्या रक्तात ४५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे असेल तर ती द्यावीत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

परंतु ४५ च्या खाली काय? त्याचे उत्तर देणारा प्रयोग झाला आहे आणि त्याचा निष्कर्ष मनाला चटका लावतो. अमेरिकेत २० ते ४४ मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या ७८० लहान मुलांचे दोन गट करून एकाला सक्सिमर आणि दुसऱ्याला निरौषधी गोळ्या देण्यात आल्या. औषध घेणाऱ्यांच्या रक्तातील शिसे उतरले. मात्र २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा बुद्धीच्या आणि वर्तनाच्या कसोट्यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही, आणि ती मुले सात वर्षांची झाल्यावरही दिसला नाही. रक्त धुऊन निघाले, मेंदूचे जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले होते, आणि अस्थींतील साठा रक्तात पुन्हा उतरत होता. शिवाय रोगी त्याच घरात, त्याच धुळीत, त्याच भट्टीशेजारी राहणार असेल तर किलेशन केल्याने बाहेरचे शिसे अधिक शोषले जाण्याचा धोका असतो. म्हणून या विषयातला कोणताही जाणता वैद्य औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी घराचा, व्यवसायाचा आणि स्वयंपाकघराचा तपास करतो.

हे सारे बाजूला सारून ‘शरीरशुद्धी’ विकणारा एक बाजार आज शहरोशहरी उभा आहे आणि त्याविषयी मला सौम्यपणे लिहिता येत नाही. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून वीज सोडतात, पाणी तांबूस होते, आणि देहातील विषे उतरली असे सांगतात. वास्तविक तो रंग यंत्रातल्याच लोखंडी पट्ट्यांच्या गंजाचा असतो, पाय न बुडवताही तो येतो. किलेशनचे औषध आधी देऊन मग मूत्रातील धातू मोजतात आणि ते अधिक निघाले असे दाखवून महिनोन्महिन्यांचा उपचार गळ्यात घालतात; औषध घेतल्यावर निरोगी माणसाच्याही मूत्रात धातू वाढतात, म्हणून विषवैद्यकाच्या जाणकारांनी ही चाचणी निरर्थक ठरवली आहे. यात केवळ पैसा जातो असे नाही. ईडीटीए दोन रूपांत मिळते, आणि त्यातले कॅल्शियमविरहित रूप रक्तातील कॅल्शियमच ओढून घेते. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत किलेशन करताना रक्तातील कॅल्शियम घसरून तिघांचा मृत्यू झाला, त्यांत दोन मुले होती.

आयुर्वेदातील रसौषधींचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि तो नाजूकपणेच हाताळला पाहिजे, कारण शिशाच्या नागभस्मासारख्या कल्पांमागे शोधन-मारणाची एक दीर्घ शास्त्रपरंपरा आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. तथापि, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बॉस्टन परिसरातील दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल घातक प्रमाणात आढळले, ही वस्तुस्थिती आहे. परंपरेचा आदर म्हणूनच वेष्टनावर धातूचे नाव आणि प्रमाण छापण्याची सक्ती असावी, आणि गर्भवती व बालके यांना असे कल्प रक्ततपासणीशिवाय कोणी देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भोवतीचे स्रोत कोणते? जगात निघणाऱ्या शिशापैकी बहुतांश, सुमारे ८५ टक्के, विजेच्या बॅटऱ्यांत जाते, आणि जुन्या बॅटऱ्या फोडून वस्तीलगतच्या भट्टीत शिसे वितळवणे हा गरिबाच्या पोटाचा उद्योग आहे. तेथील मजूर संध्याकाळी घरी जातो तेव्हा त्याच्या सदऱ्यावरची करडी धूळ त्याच्या मुलाच्या अंथरुणापर्यंत जाते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या वर असू नये असा नियम २०१६ मध्ये झाला आणि पुढील वर्षी अमलात आला. पण जुन्या वाड्यांच्या खिडक्यांवरचे थर त्याच्या आधीचे आहेत आणि औद्योगिक रंग त्याच्या कक्षेबाहेर. देवाला चढवण्याचा शेंदूर परंपरेने शिशाचाच असतो. तो मूर्तीवर असावा, हाताने माखून मग त्याच हाताने प्रसाद घेऊ नये आणि तान्ह्याच्या कपाळी तर लावूच नये. कल्हईत कथिलाऐवजी स्वस्त शिसे मिसळण्याची लबाडी जुनी आहे. पुण्याच्या एका पेठेत भेटलेल्या वृद्ध कल्हईवाल्याने कथिलाची कांडी माझ्या कानाजवळ धरून वाकवली, ती बारीक कुरकुरली, “काका, ही बोलली म्हणजे खरी. शिसं घातलेली मुकी असते, नि कागदावर ओढली की काळी रेघ सोडते,” तो म्हणाला. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे यथार्थ आहे. हळदीविषयी म्हणायचे तर, भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका यांतील २३ शहरांतून घेतलेल्या ३५६ नमुन्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांत शिसे २ पीपीएमहून अधिक होते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले; पाटणा, कराची आणि पेशावर येथील काही नमुन्यांत ते १,००० पीपीएमच्याही वर होते. ज्या राज्यात सांगलीचा आणि वसमतचा बाजार आहे तेथील शेतकऱ्याची अब्रू या भेसळीपासून राखणे हे अन्न व औषध प्रशासनाचे पहिले काम असले पाहिजे. ढाक्यात निरीक्षकाच्या हाती जे क्ष-किरणयंत्र होते ते आपल्या प्रत्येक मोठ्या मसालापेठेत फिरते ठेवण्यासाठी लागणारा खर्च शासनाला जड नाही.

दुसरी तजवीज रुग्णालयांची. रक्तातील शिसे मोजण्याची सोय आज बहुधा मोठ्या शहरांतील खासगी प्रयोगशाळांत मिळते. ती जिल्हा रुग्णालयात हवी, आणि भट्ट्या, बॅटरीचे कारखाने, रंगकाम यांच्या आसपासच्या अंगणवाड्यांतील मुलांपासून तपासणीचा आरंभ व्हावा. बोटाच्या टोचणीत कातडीवरील धूळ मिसळून आकडा खोटा चढू शकतो, म्हणून अशा वेळी शिरेतून रक्त घेऊन खातरजमा करावी. आकडा अधिक निघाला तर प्रथम स्रोत शोधून बंद करावा. मुलाला लोह आणि कॅल्शियम पुरेसे मिळेल असा आहार द्यावा, उपाशीपोटी ठेवू नये. घर कोरडे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. भट्टीवर जाणाऱ्या बापाने अंघोळ आणि कपडे कामाच्या जागीच उरकून मग घरी यावे, आणि ती सोय करणे मालकावर बंधनकारक असावे. त्याच घरात कोणी गर्भवती असेल तर तिचे रक्तही त्याच वेळी तपासावे, आणि तिला कॅल्शियम व लोह लगेच सुरू करावे.